देवघरातला नीरवचा दिवा

रिद्धी,

नीरवदादाचा देवघरातला दिवा माझ्याच हातून गेला. इथे आखातातल्या फ्लॅटमध्ये समई लावली की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून त्याने तो एलईडीचा दिवा करून दिला होता. आज मार्गशीर्षातला गुरुवार, उजेड मंद वाटला, म्हणून मी मधला रेझिस्टर काढून वायरी सरळ जोडल्या. दिवा लख्ख पेटला आणि खलास! तो सांगायचा, "आई, हा एवढासा तुकडा करंटला अडवतो, म्हणून दिवा टिकतो."

तो अपघातात गेला, त्या सकाळीही असंच धुकं होतं. "आई, अल ऐनला निघू का?" त्याने दारातून विचारलं. माझं पूजेचं मौन होतं. मी नुसती होकारार्थी मान हलवली. अजून रोज जपाच्या वेळी दारातून तोच प्रश्न ऐकू येतो.

आज तूही अल ऐनलाच निघाली आहेस. म्हणून गाडीची किल्ली घेऊन मी खालच्या बागेत जपाला बसले आहे. धुकं निवळलं की देईन. उपमा झाकून ठेवलाय, तो खा. मग हवं तर खाली येऊन "ममा, प्लीज!" म्हणून भांड.

आज मी मौन मोडून उत्तर देईन.

आई