खायचा वाफा, विकायचा वाफा

॥ श्री ॥
किनवट, ता. ९ डिसेंबर १९५६

चि. सौ. मनकर्णा हिस उद्धवदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघेही बरे आहोत. तुम्हा सर्वांचे क्षेम दोन ओळींत का होईना, कळवीत जा.

घर लागले एकदाचे. तहसिलीतल्या आम्हा सर्वांना विचारले होते, आंध्रात राहता की मुंबई राज्यात जाता. कुमुदिनीची शाळा मराठीत व्हावी म्हणून मी इकडचे लिहून दिले, हे तुला ठाऊकच आहे. आता किनवट मुंबई राज्यात आणि तुमचे आदिलाबाद आंध्रात. पूर्वीचीच गाडी, पूर्वीचीच स्टेशने, पण दप्तरात विचाराल तर तू परराज्यातली.

चारुशीलेची एकच तक्रार आहे, इथल्या पालेभाजीची. मेथी नुसती काडी, आणि कोथिंबिरीला वास नाही. रोज ताटावर बसली की तुमच्या मळ्याचे नाव निघते. निघण्याआधी मी सरकारी बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटांना, शरदचंद्रांना, सांगून आलो होतो की मुलांची भाजी तुझ्या थोरल्या दिरांकडून, केशवरावांकडून घ्या, माणसे घरची आहेत. ते काम सुरू झाले का? आणि भाऊ परराज्यात गेला म्हणून अंबाडीची एक जुडीही पाठवू नये, असा काही नवा हुकूम निघाला आहे काय?

अमृतरावांस नमस्कार. बहिणीची माया सरहद्दीने अडू नये, एवढेच मागणे.

उद्धव

॥ श्री ॥
आदिलाबाद, ता. २० जानेवारी १९५७

तीर्थरूप दादा व वहिनीस मनकर्णाचा शिरसाष्टांग नमस्कार. कुमुदिनीले गोड पापा.

तुमचं पत्र पोचलं. उत्तर लांबलं, कारण हात मातीतून निघत नाहीत. तुमी गेले, तुमच्यासारखी आणखी घरं गेली, तवा मले वाटलं आता आपली भाजी कोण घेईल. पण थ्या घरांमंदी नवे साहेब लोक आले, वरंगल-करीमनगरकडचे. त्यांच्या बायका टोपलीपाशी येऊन गोंगूर, गोंगूर म्हणत. मले कळेना. मंग एकीनं सवता हात घालून अंबाडी काढली. आमी दोघी बराच वेळ हासलो. आता ती रोज येते, तिले मराठी येत नाही, मले तेलुगू येत नाही, पण सौदा होते.

बोर्डिंगचं काम सुरू झालं. यांचे थोरले भाऊ, माहे भासरे, खुशीत आहेत, तुमचं नाव घेतात. लई भाजी लागते म्हणून त्यांनी मळ्याच्या खालच्या अंगाले, नाल्याकडे, नवे वाफे पाडले. विहिरीले पाणी कमी, मी म्हटलं एवढ्याले पुरायचं कसं. तर म्हणाले, पाण्याची काळजी बाईमाणसानं करू नये. पण खरंच, थे खालचे वाफे वरच्याहून जोमात आहेत. पालकाचं पान तळहातायेवढं, काळंहिरवं. जरा वास येते तिकडे. खताचा आहे म्हणतात.

अंबाडी पाठवते कोणी येणारं भेटलं की. वहिनीले सांगा, तवर भावाले काड्या चावू द्या.

तुमचा लोभ आजवर पुरला तसाच पुढंही पुरू द्या.

मनकर्णा

॥ श्री ॥
किनवट, ता. १७ मार्च १९५७

चि. सौ. मनकर्णास आशीर्वाद.

इकडे कुशल. तू लिहितेस पाठवते, पाठवते, आणि पाठवले कोणी, तर तुझ्या दिरांनी. परवा केशवरावांचा माणूस गाडीने आला आणि भरलेली टोपली ठेवून गेला. पालक, चुका, कोथिंबीर, पुदिना. वर ओले फडके. चारुशीला हरखून गेली. पुदिन्याची कच्ची चटणी वाटली, कोथिंबीर तर कुमुदिनीने काड्या तोडून तशीच खाल्ली, पूर्वी तुझ्या मळ्यात खायची तशी. शेजारीही थोडी भाजी दिली.

माणसाने केशवरावांचा निरोप सांगितला, की बोर्डिंगचे पुढच्या सालचे काम लौकरच ठरणार आहे, सुपरिंटेंडेंटांना चार ओळी लिहाव्यात. आजच लिहून टाकतो. तू मात्र रागावली आहेस की काय? दोन महिन्यांत अक्षर नाही.

माया आटली नसेल तर पत्राने दाखव.

उद्धव

॥ श्री ॥
आदिलाबाद, ता. २१ मार्च १९५७

तीर्थरूप दादास नमस्कार.

ती भाजी उरली असल तर उकिरड्यावर फेका. शेजारी दिली त्यांनाही सांगा. शरदचंद्र साहेबाले पत्र टाकू नका. कुमुदिनीची तब्येत पहिल्या टपालानं कळवा.

मी रागावले नव्हते दादा. पाठवायची लाज वाटत होती. आता लिहितेच.

शिवरात्रीनंतर विहीर तळाले गेली. वरचे वाफे सुकले, खालचे हिरवेच. मी एक दिवस पाट धरून पाणी कुठून येते थे पाहात गेले. खाटकांच्या गल्लीमागून गावाचं गटार येते, सगळ्या संडासांचं धुणं त्यातच. त्याचा बांध आमच्या कुंपणापाशी फोडलेला. थे पाणी काळं, वर फेस, आणि तसंच पुदिन्यात शिरून राह्यलं होतं. पुदिन्याच्या बुडाशी अडकलेलं जे पाह्यलं थे मी कागदावर लिहीत नाही. वळवळ होती तिथं. मी वहाण टाकून पळाले.

विहिरीपाशी आमच्या जाऊबाई, जयवंताबाई, घरच्यासाठी भाजी खुडत होत्या. वर दोन वाफे त्या घागरीनं जगवतात. मी धापा टाकत सांगितलं. त्या वर पाह्यल्याही नाहीत. म्हणाल्या, तुले आज कळलं का, म्हणूनच तर इथून खुडते. हा खायचा वाफा, तो विकायचा.

दादा, गटारापेक्षा मले त्या बोलण्याची किळस आली. त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि टोपली माह्या डोक्यावर होती. अंबाडीवाली बाई माह्या हातून घेत होती, पानाले नाक लावून वास घ्यायची.

यांना सांगितलं. हे म्हणाले, माहा दादा करते थे बघून करत असल, झाड पाणी गाळून घेते, पानात काही उतरत नाही. मी विचारलं, मंग आपण काऊन खात नाही तिथलं. हे जेवून झोपले.

मी बाजार सोडला, तर आता जाऊबाई टोपली नेतात. कुमुदिनीचं आधी कळवा.

मनकर्णा

॥ श्री ॥
किनवट, ता. २९ मार्च १९५७

चि. सौ. मनकर्णास आशीर्वाद.

कुमुदिनी वाचली, हे आधी लिहितो. तुझे पत्र यायच्या आदल्या दिवसापासून तिला ताप आणि आव होती. रक्त पडत होते. डॉक्टरांनी विचारले काय खाल्ले, तर आम्ही छाती फुगवून सांगितले की घरच्या मळ्याची भाजी. आता पेज घेते, पण उठून बसवत नाही. चारुशीला पाटा-वरवंटा राखेने घासते, उकळते पाणी ओतते, आणि पुन्हा घासायला घेते. तो पाटा फेकून दे म्हटले तर रडते.

मी केशवरावांना खरमरीत पत्र टाकले. त्यांचे उत्तर आले. लिहितात, पोरांना ताप येतच असतात. शिवाय आपण आता दुसऱ्या राज्याचे नोकर, आमच्या जिल्ह्याच्या कामात पडू नये. ज्याच्यासाठी मी शब्द टाकला तोच मला सरहद्द दाखवतो. पत्र हातात धरवेना, चुलीत घातले.

तरी तुला मोठा भाऊ म्हणून सांगतो, चारचौघांत बोलू नकोस. तुला त्याच घरात नांदायचे आहे. अमृतरावांना हळूहळू वळव, वेगळे निघा, मग पाहू. त्या घरात जीव सांभाळून राहा. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

उद्धव

॥ श्री ॥
आदिलाबाद, ता. १४ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादा व वहिनीस नमस्कार. कुमुदिनी चालू लागली का?

तुमचा सल्ला वाचला, पण मले पाळता आला नाही. काऊन थे ऐका.

बोर्डिंगची पोरं आजारी पडली. आवच. दोघांना दवाखान्यात ठेवलं. चौकशी झाली, आणि दोष कोणावर आला, तर स्वयंपाकाच्या आशाबाईवर. तिचे हात घाण म्हणून तिले काढून टाकलं. भासरे घरी येऊन ही गोष्ट हासत सांगत होते. जाऊबाई त्यांना वाढत होत्या, वरच्या वाफ्यातला पालक.

त्याच आठवड्यात शरदचंद्र साहेबाले जेवाले बोलावलं, पुढच्या सालचं काम पक्कं कराले. स्वयंपाक माह्याकडे. मी खाली गेले, नाकाले पदर बांधला, आणि विकायच्या वाफ्यातून पालक, पुदिना खुडून आणला. धुतला, निवडला, भाजी केली, चटणी वाटली. वाटताना दोनदा बाहेर जाऊन ओकले.

पानं वाढली. साहेब, भासरे, हे, ओळीनं बसले. कोणी घास उचलायच्या आत मी दारात उभी राहून म्हटलं, साहेब, आज खालच्या वाफ्यातली भाजी आहे, बोर्डिंगच्या पोरांना देतो तीच. साहेब म्हणाले, मंग छान झालं. पण भासऱ्यांचा हात ताटावरच थांबला. जाऊबाई आतून म्हणाल्या, थांबा, दुसरी आणते. साहेबानं भासऱ्यांकडे पाह्यलं, मंग यांच्याकडे, आणि विचारलं, दुसरी कशाले. जेवलं कोणीच नाही.

साहेब उठले. मले म्हणाले, दाखव. खाली जाऊन रुमाल नाकाले धरून पाह्यलं आणि कुंपणाशी जाऊन उलटी केली. तोंड पुसल्यावर पहिलं बोलणं काय, तर हे वर जाऊ देऊ नका, माही नोकरी जाईल. दादा, मले वाटलं होतं एक तरी माणूस निघल. मी सांगितलं, आशाबाई उद्या चुलीपाशी दिसली नाही तर मी सवता कलेक्टर कचेरीत जाईन. तिले कामावर घेतलं. भाजी बंद केली. बाकी सगळं दाबलं.

आमी वर आलो, तसे हे पानावरून उठले. कुदळ घेऊन बांधावर गेले. फोडलेला पाट बुजवला, मंग खालचे वाफे उपटत बसले. भासरे बांधावर उभं राहून, बायकोच्या पदराखालचा म्हणून, लोकांसमोर बोलत होते. यांनी मान वर केली नाही. आमाले वेगळं काढलं. विहिरीजवळचा तुकडा, खायच्या दोन वाफ्यांसकट, आमच्याकडे आला.

मंग मी टोपली न घेता बाजारात गेले. ज्यांना ज्यांना भाजी दिली होती, त्यांना सांगितलं काय दिलं होतं. एक माह्या पायाशी थुंकली. अंबाडीवालीले समजावून सांगाले दुकानदार मधे घ्यावा लागला. तिनं ऐकलं, हात पदराले पुसले, आणि निघून गेली. थे मले सगळ्यात जड गेलं. आता आमची भाजी कोणी घेत नाही. चुका जून होऊन राह्यला, कोथिंबिरीले फुलं आली.

काल आशाबाई मळ्यात आली. विहिरीत डोकावून पाह्यलं, वाफ्यात बसली, चुक्याचं एक पान खुडून तसंच तोंडात टाकलं, न धुता. चावलं. दुसरं खुडून माह्या हातावर ठेवलं. मी तोंडात घातलं, पण गिळवलं नाही, बाजूले थुंकले. ती म्हणाली, राहू दे, होईल. मंग पदरात बोर्डिंगपुरता चुका खुडून घेऊन गेली.

तुमच्याकडे एवढ्यात काही पाठवत नाही. माह्या घशाखाली उतरलं की मी सवताच घेऊन येईन. तवर मागू नका, आणि माया कमी करू नका.

मनकर्णा