अर्धवट नारंगी छत

४ मार्च, सोमवार

छत अजून नारंगी आहे. आणि अजून अर्धवटच!

काल दोन वर्षांनी घरी आले. बॅग दारात टाकली आणि आधी गॅरेजमध्ये शिरले. म्हणायला घराचं गॅरेज, पण आमची गाडी तिथे कधी उभी राहिलीच नाही. बाबा तिथे लोकांच्या गाड्या रंगवतात. अख्खी गाडी नाही — घासलेलं दार, ठोकर लागलेला कोपरा. जुन्या रंगाला नवा असा जुळवायचा की कुठे लागलं होतं ते मालकालाही सापडू नये. तीस वर्षं हेच.

मागच्या वेळी आले तेव्हा छत काजळीने भुरकट झालं होतं. मला ते बघवेना. कुणाच्या तरी टेम्पोचा नारंगी उरला होता, तो उचलला आणि सुटले. ट्यूबलाइटही उलट्या करून टाकल्या, तोंड छताकडे. एका फोटो स्टुडिओत तीन महिने होते मी, तिथे असंच करायचे. उजेड मऊ पडतो. मग मैत्रिणीचा फोन आला, सफरचंदाच्या बागेत काम आहे, उद्याच ये. गेले! मागचा एक पट्टा तसाच राहिला. रोलर अजून फळीवर आहे, वाळून दगड झालाय. बाबांनी तो फेकलासुद्धा नाही.

आज सकाळी दादा येऊन गेला. त्याच्याकडून कळलं — बाबा काम बंद करतायत. वर्षभरात तीन गाड्या परत आल्या, रंग जुळला नाही म्हणून. तीस वर्षांत एक आली नव्हती! दादाने कुणाला तरी खोकी ठेवायला जागा द्यायचं ठरवलंय. तो माणूस सतराला, रविवारी, बघायला येणार. त्याआधी छत नीट दिसलं पाहिजे. "रंग तू निवड, तूच लाव. तेवढं तरी एक काम पुरं कर आयुष्यात." असं म्हणून बूट घालून गेला.

बाबांना विचारलं. डोळा गेला माझा, म्हणाले. मीठ संपलं म्हणावं तसं.

५ मार्च

रंगाच्या दुकानात गेले. पांढरा द्या म्हटलं. दुकानदाराने एक पट्टी पुढे केली — चोवीस पांढरे! शिंपल्याचा पांढरा, ढगाचा पांढरा, हाडाचा पांढरा. मी म्हटलं, नुसता पांढरा नाही का? तर म्हणतो, बाई, तसं काही नसतंच.

मग ते डबे हलवणारं यंत्र बघत बसले. डबा आत ठेवायचा, झाकण लावायचं, आणि तो असा थरथरतो की हिवताप भरलाय. अर्धा तास गेला. दुकानदाराने स्टूल दिलं बसायला. तिथेच नोकरी धरावी असंही एकदा वाटून गेलं. असंच होतं माझं. बाबा मला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. निघाले होते कशाला!

सहा पांढरे छोट्या डब्यांतून आणले.

६ मार्च

सहाही ठिगळं लावली छताला. सहाही मलईसारखी पिवळट दिसतात! फसवलं मला दुकानदाराने.

७ मार्च

नाक कापलं गेलं. डबे घेऊन तावातावाने दुकानात गेले, चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. त्याने झाकण उघडलं, मला रस्त्यावर उन्हात नेलं आणि डबा नाकासमोर धरला. पांढराफटक. दुसरा. तोही.

"घरात काय पेटवून बघत होतात?" म्हणाला.

सगळी हसली. मीही हसले शेवटी, करते काय. पण वाटभर तेच डोक्यात. बाहेर पांढरा, आत मलई. असं कसं?

८ मार्च, शुक्रवार

आज दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी लहान असल्यापासून त्यांची गाडी बाबांकडेच येते. माझे दुधाचे दोन दातही त्यांनीच काढलेत, ते त्या दर वेळी सांगतात. आज गाडीचं मागचं दार त्यांच्याच फाटकाला घासून आलेलं. मोत्यासारखा पांढरा रंग. बाबा म्हणतात हा सगळ्यात अवघड.

बाबांनी सरळ सांगितलं, दुसरीकडे न्या. माझा डोळा राहिला नाही. आईने आतून ऐकलं आणि भांडं जरा जोरात ठेवलं.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्याच. मी आपली माझी फजिती सांगत होते — चोवीस पांढरे, सहा ठिगळं, भर दुकानात तोंडघशी पडले ते. त्या ऐकून पोट धरधरून हसल्या. मग म्हणाल्या, अगं, आमच्याकडेही पांढरे असतातच की. नवा दात बसवायचा तर शेजारच्या दाताशी जुळवावा लागतो. आणि त्याआधी त्या बाईमाणसाला काय करायला लावतात? ओठांची लाली पुसायला! लाल ओठांच्या शेजारी दाताचा रंग कळतच नाही, डोळा फसतो. म्हणून दवाखान्याच्या भिंतीही राखाडी ठेवल्यात. "फिकट राखाडी. जिचा स्वतःचा काही आवाज नाही अशी."

मी वर बघितलं.

उलट्या ट्यूबलाइट. सगळा उजेड आधी छतावर, मग गाडीवर. आणि छत — टेम्पोचा नारंगी!

बाबांचा डोळा गेलेलाच नाही. मी घालवलाय तो. दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, गाणी म्हणत.

९ मार्च

पुरावा मिळाला!

बाबा रंग जुळवताना आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघतात. तिन्ही परत आलेल्या गाड्यांचे तुकडे खिळ्याला अजून लटकलेत. त्यातल्या एका गाडीच्या पेट्रोल टाकीचं निघालेलं झाकण कोपऱ्यात होतं, मूळ रंगाचं. तुकडा त्यावर आत धरला, बेमालूम. दोन्ही घेऊन अंगणात धावले. तुकडा निळा पडला! ढळढळीत नव्हे, पण निळसर. नारंगी उजेडात निळा दबून जायचा, दिसायचाच नाही, म्हणून बाबा बिचारे निळा थेंब जास्त घालत राहिले. आणि तिन्ही गाड्या कशा परत आल्या? "निळ्या दिसतात" म्हणून! डोळा गेला असता तर एक निळी, एक हिरवी, एक गुलाबी झाली नसती का? तिन्हींची खोड एकच.

बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. दाखवलं. ते बराच वेळ तुकडा फिरवत राहिले.

"तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"निळसर. तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही बाबा, हे सगळं त्या छताचं काम आहे."

ते आत गेले, मान वर करून उभे राहिले. मी म्हटलं, दोन वर्षांत एकदाही मनात आलं नाही का, की हे पुसून टाकावं? रंगारी माणूस तुम्ही!

"तू दिला होतास," म्हणाले.

मी बाहेर जाऊन नळाखाली उगाच पाय धुतले.

१० मार्च, रविवार

दादाला फोन. राखाडी लावणार म्हटलं. त्याला वाटलं गंमत करतेय. खोकीवाल्याला पांढरं स्वच्छ छत दाखवायचं सोडून काजळीच्याच रंगाचं? मी म्हटलं, काजळी होती तेव्हा एक तरी गाडी परत आली होती का? तो मग म्हणाला, तू दोन दिवसांत जाशील, बाबांना उगाच आशा लावू नकोस.

झोंबलं. खरं असलं की जास्त झोंबतं.

पण सतरापर्यंत एक अख्खा आठवडा आहे!

१२ मार्च

आजचा दिवस कोरून ठेवावा असा.

दुकानात राखाडी बघितले. त्यांचंही तेच. एक जांभळट, एक हिरवट, एक उंदरासारखा. आवाज नसलेला एकही नाही. रिकाम्या हाताने आले तर बाबा म्हणाले, आपण मिसळू.

अंगणात, भर उन्हात, जुन्या बादलीत. पांढरा ओतला, काळा थेंब थेंब. बाबा काठीने ढवळत होते, एका लयीत, कडेने एक शिंतोडा उडू न देता. मी बाजूला उकिडवी.

"काय दिसतं तुला?"

राखाडी, म्हटलं. नीट बघ, म्हणाले. बघितलं. मग दिसलं — निळं! काळा आणि पांढरा, दोनच घातलेत, निळा आला कुठून? बाबा खूश झाले. पांढऱ्यात काळा पडला की निळा होतोच, म्हणाले. मग काय घालशील? मी म्हटलं, पिवळा. कुठला? लिंबासारखा नको... मातीसारखा. चमचाभर घातला. आता? अजून किंचित. आता? थोडा जास्त झाला बहुतेक, हिरवट वाटतो. मग? लाल मातीचा एक थेंब. आता?

"आता काहीच दिसत नाही," म्हटलं. "नुसता राखाडी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांची राखाडी पट्टी दिली होती. ती बादलीतल्या काठीला लावली. काठी कुठे संपते आणि पट्टी कुठे सुरू होते, कळेना!

आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, शी, किती उदास रंग. बाबा आणि मी एकदमच म्हणालो — हाच!

शाळेत मला कुणी इतके प्रश्न विचारले असते तर मी पळाले नसते.

१४ मार्च

मान आखडलीय. खांदे माझे नाहीतच. डोळ्यात, केसात, कानात राखाडी. आई म्हणते दोन दिवसांत साठीची झालीस.

रंगाचे दोन हात झाले. नारंगी कुठूनही डोकावत नाही. आणि मागचा पट्टा — तो राहिलेला — तो सगळ्यात आधी केला. मुद्दाम. मैत्रिणीचा फोन आला मधेच, समुद्रावर बोटीत काम आहे म्हणे, स्वयंपाकघरात. मी शिडीवरूनच सांगितलं, हात भरलेत, नंतर बोलू.

पुरं झालं. सगळं. कोपऱ्यांसकट! दगड झालेला रोलर कचऱ्यात टाकला.

१५ मार्च

डॉक्टरीणबाईंचं दार घेतलं. बाबा "नको" म्हणायच्या आत मी त्यांना हो सांगून टाकलं होतं.

नव्या छताखाली उजेड कसा शांत पडतो. बाबा थेंब घालतात, ढवळतात, पत्र्यावर मारतात आणि मला पुढे करतात. "तुला काय दिसतं?" दर वेळी! सात पत्रे झाले. शेवटी वैतागले मी, म्हटलं बाबा, परीक्षा पुरे, तुम्हाला दिसतंय ना. ते नुसते हसले. सांग तर, म्हणाले.

आठव्याला म्हटलं, आता बोट ठेवून दाखवा कुठला जुना नि कुठला नवा. ते म्हणाले, झालं तर मग. आणि फवारा उचलला. तो हात! डावीकडून उजवीकडे, वाऱ्यासारखा, कुठे थांबला नाही, कुठे ओघळ नाही.

१७ मार्च, रविवार

जिंकलो!

गाडी रस्त्यावर, डोक्यावर ऊन. दादा खोकीवाल्याला घेऊन आला. डॉक्टरीणबाईही आल्या. दुकानदारालाही मीच बोलावलं होतं, त्या दिवशीचा हिशोब मिटवायला. म्हटलं, दादा, सांग कुठलं दार.

दादा गाडीभोवती दोनदा फिरला. वाकून बघितलं, तिरकं बघितलं, हात फिरवून बघितला. शेवटी मोठ्या रुबाबात पुढच्या दारावर थाप मारली — हे. जरा कळतंय.

त्या दाराला तर कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावलेला नाही!

डॉक्टरीणबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. दुकानदार म्हणाला, बाई, तुम्हाला चोविसावर पंचविसावा सापडला. खोकीवाल्याने गॅरेज बघितलंच नाही. त्याने विचारलं, माझ्या गाडीचा बंपर बघाल का? दादाने कपाळाला हात लावला. पण जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली त्याने. तेवढं समजतं मला.

बाबा गर्दीच्या मागे उभे होते, हात पुसत. डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, छत बदललंत, आता एकदा डोळेही दाखवून या, माझ्या समाधानासाठी. मी म्हटलं, कशाला? पुरावा समोर उभा आहे!

२२ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी पिच्छा पुरवला, म्हणून आज बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिवळट, चांगला दोनेक वर्षांचा. ऑपरेशनने जाईल, काळजी नको म्हणाले. पण आत्ता यांना पांढरा आणि मलई यांतला फरक दिसणं अवघड आहे.

गॅरेजमध्ये आल्यावर विचारलं — मग त्या तीन गाड्या कुणी बिघडवल्या? छताने की डोळ्यांनी?

"दोघांनी मिळून."

"आणि डॉक्टरीणबाईंचं दार?"

बाबांनी काठी पुसून खिळ्याला लावली.

"मी नुसता ढवळत होतो, भिंगरी."