घरचं माणूस

११ मे, दुपार
टेम्पोचं मागचं डावं चाक अजून गटारात आहे. ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी कन्नडमधून माझ्याबद्दल सांगतोय. मला कन्नड येत नाही हे त्यानं पहिल्या टोलनाक्यालाच ओळखलं. बेंगळुरूत चौदा वर्षं काढूनही येत नाही, हा भाग वेगळा.

मी माझी गाडी बाजूला लावून दगडावर बसलो आहे. मन शांत. घाई हा शहरी आजार.

शेतातून दोन माणसं आली. एकानं विचारलं, “सोफा कुटं चाललाय?” मी सांगितलं, टाकवे बुद्रुकला, आम्ही राहायला आलोय. “कायमचं?” मी हो म्हटलं. तो दुसऱ्याला म्हणाला, “बजरंगचा भाडेकरू दिसतोय.” म्हणजे गावात माझं नाव आधीच झालं आहे.

संध्याकाळ
चाक निघालं. सोफा दारातून आत जात नाही. ओटीवर ठेवला. तसाही तो मोकळ्या हवेसाठीच बरा.

बायकोची, अनघाची, अट एकच. निघताना तिनं ती गाडीच्या खिडकीतून पुन्हा सांगितली. जुलैच्या शेवटी ती येऊन बघणार. तोवर मला इथं आपलं म्हणणारी चार माणसं मिळाली, तर बेंगळुरूचा फ्लॅट सोडायचा. नाही मिळाली, तर मी मुकाट परत जायचं आणि गावाचा विषय घरात कायमचा बंद. अडीच महिने आहेत. माझ्यासारख्या माणसाला दोन आठवडे पुरतील.

१४ मे
बेंगळुरूत पार्किंगसकट जे भाडं भरतो त्यात इथं तीन घरं येतील. आम्हाला एकच लागतं, म्हणजे बाकी सगळी बचत. या महिन्यात झाली नाही. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, पाण्याची मोटर, साप येऊ नयेत म्हणून जाळ्या. सुरुवातीचे खर्च. बेंगळुरूत पाण्याचा टँकर यायचा. इथं मोटर चालू असेल तर पाणी येतं, आणि वीज असेल तर मोटर चालू असते.

घरमालक बजरंगभाऊ तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला जातात आणि उरलेल्या वेळात शेती करतात. अंगणापलीकडेच राहतात. त्यांची आई कस्तुराबाई, बायको कोमल. म्हणजे आपलं म्हणणारी तीन माणसं जमा. चौथं कुणीही चालेल.

संकल्प: गाडीचा केए नंबर बदलून एमएच करून घेणे. गाडी अनघाच्या नावावर आहे, पण पुढाकार मीच घेईन. या आठवड्यात.

१८ मे, रविवार
लोणावळ्याला सामान आणायला गेलो. पर्यटकांनी रस्ता भरलेला. या लोकांना आपापल्या शहरात राहायला काय होतं कळत नाही. चिक्कीवाल्यानं केए नंबर पाहून माझ्याशी हिंदीत सुरुवात केली. मी शुद्ध मराठीत सांगितलं, आम्ही इथलेच. तो म्हणाला, “हो सर, सगळे इथलेच असतात,” आणि चॉकलेट चिक्कीचा तुकडा हातावर ठेवला. तीन डबे घेतले. नाही म्हणणं स्थानिक माणसाला शोभलं नसतं.

पुढे तुंगार्लीला तलावाशी एका कुटुंबानं फोटो काढून मागितला. काढला. मग त्यांनी माझाही काढला. अनघाला पाठवला. ती म्हणाली, ट्रिप छान चाललेली दिसते.

२ जून
नेटवर्क फक्त बजरंगभाऊंच्या गोठ्यामागच्या भिंतीशी येतं. तिथं खुर्ची टाकून ऑफिस सुरू केलं आहे. मीटिंगमध्ये गाय हंबरली. कुणीतरी विचारलं, हा आवाज कसला. मी ट्रॅफिक म्हणालो. सगळ्यांना पटलं.

कस्तुराबाई कोमलला म्हणाल्या ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. “सकाळपासनं सॉरी सॉरी म्हणतुय. केलंय काय ह्यानं?” कोमल म्हणाली, “कामच हाय त्यांचं, आई.” कोमलला कॉर्पोरेट जगाची चांगली जाण आहे.

८ जून
मोठा निर्णय. घरामागचं छोटं खाचर भाड्यात धरलेलंच आहे. त्यात भात करायचा. इंद्रायणी. अनघा येईल तेव्हा समोर आपलं हिरवं भात उभं असेल, मग तिला बोलायला काही उरणार नाही.

बजरंगभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “करा की. पण माणसं?” मी म्हटलं, मी आहे ना. ते बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, रोपं आमच्यातली देतो.

संकल्प: रोज पहाटे उठून व्यायाम. शेतीसाठी शरीर तयार हवं. योगा मॅट काढून ठेवली.

२० जून
एचआरचा मेल. ४ ऑगस्टपासून सगळ्यांनी बेंगळुरूच्या ऑफिसात यायचं. ‘सगळ्यांनी’ म्हणजे नव्या मुलांनी. माझ्या पातळीवरच्या लोकांना असले मेल फक्त माहितीसाठी येतात. अनघाला उगाच सांगितलं नाही. तिला ताण येतो.

मॅट अजून गुंडाळलेलीच आहे. पाऊस.

५ जुलै
चमत्कार. आज माझ्या खाचराची आवणी झाली. बजरंगभाऊंनी काल पॉवर टिलर फिरवून चिखल करून ठेवला होता. सकाळी कस्तुराबाई, कोमल आणि शेजारच्या घरांतली माणसं आली, ओळीनं वाकली आणि जेवणाच्या आत सगळं भात लावून मोकळी झाली. मी मीटिंगमध्ये होतो. मधून मधून अंगठा दाखवून प्रोत्साहन देत होतो.

नंतर पैसे विचारले. कस्तुराबाई म्हणाल्या, “पैसं नगं. सावड हाय. आज आमी तुमच्यात, उद्या तुमी आमच्यात. तुमी नवं, म्हनून तुमचं आदी उरकलं.” कोमलनं नीट समजावलं. ज्यानं ज्याच्याकडे जितके दिवस काम केलं, तितके दिवस त्यानं परत जाऊन करायचे. म्हणजे मी प्रत्येक घरी एकेक दिवस. मी म्हटलं, आनंदानं.

अनघाला हिरव्या खाचराचा फोटो पाठवला. तिनं विचारलं, कुणी लावलं? मी लिहिलं, आम्ही.

७ जुलै
सावडीवर विचार केला. व्यवस्था चांगली आहे, पण नियोजन नाही. कुणी कुठं कधी जायचं हे लोक आदल्या संध्याकाळी ओट्यावर बसून ठरवतात. माझं चौदा वर्षांचं काम नेमकं हेच. मी चिखलात वाकण्यापेक्षा माझा वाटा नियोजनाचा असावा. ‘टाकवे आवणी टीम’ नावाचा ग्रुप काढला, सगळ्यांना घेतलं, आणि आठवड्याचा आराखडा टाकला.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मी आणि बजरंगभाऊ. बजरंगभाऊ शिफ्टला होते. सुटल्यावर तेही बाहेर पडले.

९ जुलै
आज कस्तुराबाईंच्या खाचरात आवणी. बोलावणं आलं. माझा तिमाही आढावा होता. कळवलं.

११ जुलै
आज शेजारच्या घरी आवणी. पाठ दुखते आहे. खुर्चीमुळे. गोठ्यामागची जमीन उतरती आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

१४ जुलै
उपाय सापडला. वरच्या ठाकरवाडीतल्या बुधाला माझ्या जागी रोजानं आवणीला पाठवलं. त्यांचं काम झालं, माझं कर्तव्य झालं, आणि गरजूला रोजगार मिळाला. एका निर्णयात तीन गोष्टी.

बुधा चहा पिऊन परत आला. म्हणाला, “कस्तुरामावशीनं बसवलं, चहा पाजला, अन् म्हनाल्या जा घरी.” मी म्हटलं, का? तो म्हणाला, “भाऊ, माजी सावड वाडीवर. हितं तुमच्या नावानं मी कशी फेडू? उद्या तुमच्या नावानं जेवू बी का?” मी त्याला पैसे देऊ लागलो. घेतले नाहीत. हसला मात्र बराच.

संध्याकाळी कस्तुराबाईंना भेटून माझी बाजू मांडली. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पैसं टाकून मानूस आमाला बी मिळतंय. सावडीला घरचं मानूस लागतं.” मी म्हटलं, घरात मी एकटाच आहे. त्या म्हणाल्या, “तेच म्हनतिया.”

चर्चा सकारात्मक झाली. उद्या स्वतः जातो.

१५ जुलै
गेलो. गोठ्यामागच्या, कस्तुराबाईंच्या उरलेल्या खाचरात, लोणावळ्याहून आणलेले गमबूट घालून. सगळे अनवाणी होते. तिसऱ्या पावलाला उजवा बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. बूट काढायला वाकलो तर डावाही राहिला. एका पोराएवढ्या खेकड्यानं माझ्याकडे पाहिलं. अतिशयोक्ती असेल, पण पाहिलं नक्की.

मी रांगेत उभा राहिलो. गोठ्याची भिंत जवळच, त्यामुळे नेटवर्क होतं. तेवढ्यात कानातला फोन वाजला. बॉस. आवणी करता करता बोललो. दोन्ही कामं एकदम करणं हे माझं बलस्थान. कोमल शेजारी होती. म्हणाली, “दादा, आदी एक काय ते लावा.”

थोड्या वेळानं कस्तुराबाईंनीच मला घरी जायला सांगितलं. आग्रहानं सांगितलं. मी थकू नये ही काळजी.

१६ जुलै
काल मी लावलेली रोपं आज पाण्यावर तरंगत होती. कस्तुराबाई म्हणाल्या, “रोप लावलं न्हाई, ठिवलंय.” कोमलनं ती गोळा करून पुन्हा लावली. म्हणजे माझ्यामुळे तिची एकाची दोन कामं झाली, असं बजरंगभाऊ म्हणाले. हिशेबात मी आता आणखी मागे आहे म्हणे. हे गणित मला मान्य नाही, पण वाद घातला नाही. गावात वाद वाढवायचे नसतात.

पलीकडच्या ओट्यावरून गप्पांचा आवाज आला की मी तिकडे जातो. मी गेलो की सगळ्यांना कामं आठवतात. कष्टाळू लोक.

२२ जुलै
अनघा उद्या येणार, आणि आज माझ्या खाचराचा बांध फुटला. भोक मोठं नाही, पण पाणी सगळं त्यातूनच चाललं आहे. दुपारपर्यंत अर्धं खाचर उघडं पडलं. रोपं आडवी. बजरंगभाऊ शिफ्टला. इतर माणसं वरच्या शेतात. हाक मारली. ऐकू गेली असावी, कारण दोघांनी वर पाहिलं. मग खाली वाकले.

मी स्वतःच्या हिमतीवर बांध बुजवला. योगा मॅट घडी करून बसवली, तिच्या मागे टेम्पोतून आलेले पुठ्ठे, त्यावर चिक्कीचे डबे. मॅट एकदाची कामी आली.

पुठ्ठे भिजले. बाकी व्यवस्थित आहे.

२३ जुलै
अनघाला पुणे स्टेशनवरून गाडीनं आणलं. वाटेत मी तिला गावाबद्दल सांगत होतो, माणसं कशी जीव लावतात वगैरे. तिनं खाचर पाहिलं. मग बांध. मग बांधातून बाहेर आलेली जांभळी मॅट. ती माझी होती ना, एवढंच म्हणाली. तिची होती.

मी परिस्थिती समजावली. हवामान, उतार, सावडीतल्या त्रुटी. तिनं मध्येच विचारलं, आपल्यावर किती घरांची सावड आहे? मी म्हटलं, तसं बघायला गेलं तर, आणि पुढे नियोजनाबद्दल सांगत होतो. ती चप्पल घालून अंगण ओलांडून गेली.

भिंतीपलीकडून ऐकू आलं. तिनं कस्तुराबाईंना सांगितलं, मावशी, मला यातलं काही येत नाही, पण मी घरचं माणूस आहे. कस्तुराबाई म्हणाल्या, “त्याला बी येत न्हवतं. पर त्यानं सांगितलं न्हाई.”

२४ जुलै
अनघा आवणीला गेली. अनवाणी. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा बसली चिखलात. सगळे हसले, ती सगळ्यांत जास्त. मी गोठ्यामागे होतो, आवाज येत होता. तिचे शिकवणीचे ऑनलाइन वर्ग संध्याकाळी असतात, त्यामुळे तिला दिवसा वेळ मिळतो. माझं तसं नाही.

संध्याकाळी चार माणसं न बोलावता आली आणि बांध दगड-मातीनं बुजवला. मॅट काढून अंगणात वाळत घातली. मी विचारलं, चहा? ते म्हणाले, “वैनींनी ठिवलाय.”

२६ जुलै
कोमलच्या घरी जेवण. अनघाच्या शेजारी सगळ्या. मला पुरुषांच्या पंगतीत बजरंगभाऊंच्या शेजारी जागा मिळाली. त्यांनी विचारलं, “मग ४ तारखेला हजर व्हायचंय ना ऑफिसात?” गोठ्यामागे मी बॉसशी जे बोलतो ते गावाला माहीत असणार, हे तेव्हा लक्षात आलं. अनघाकडे पाहिलं. ती भाकरी मोडत म्हणाली की तिला जूनपासून माहीत आहे. माझ्या ऑफिसातल्यांच्या बायकांचा ग्रुप आहे, त्यात तीही आहे.

मी म्हटलं, म्हणजे आपण हरलो, परत जायचं. ती म्हणाली, तू जा. अट चार माणसांची होती. मी मोजली.

३० जुलै
विचाराअंती ठरवलं. काही काळ मी बेंगळुरूचा फ्लॅट सांभाळावा. कुणीतरी तिथं हवंच. अनघा इथली बाजू बघेल. मूळ कल्पना माझी होती, हे तिनं लोकांना सांगावं असं सुचवलं. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. उद्या तिची शेवटची सावड आहे, पाय धूत होती.

३१ जुलै, सकाळ
बजरंगभाऊंनी मला फाट्यावर बससाठी सोडलं. अनघा आणि कोमल उजाडताच वरच्या खाचरात गेल्या. गाडी इथंच राहणार. तिचा नंबर बदलायचा अर्ज अनघानं सोमवारी दिला. त्याला लागणारी कर्नाटकची एनओसी ती येतानाच बॅगेत घेऊन आली होती.