शेपटाचं वजन

रॅनफर्ली, ता. ३ मार्च १९८६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॉलेज सोडल्याबद्दल तू पाठवलेली दुसरी चार पानंही पोचली. परीक्षेत प्रोफेसर माझ्या आकृतीला हसले आणि मी उठून निघालो, एवढंच घडलं. आईला सांग, मी उपाशी नाही.

इथे मक्रे यांच्या हाताखाली आहे. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये नऊ वर्षं खपून त्यांनी दोन माणसांचं विमान बांधलंय. त्यांची मुलगी कर्स्टी. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर शाई पुरायची नाही, म्हणून विमानाबद्दल लिहितो. पुढच्या चाकाचा पाय सैल झालाय. चाक काढायचं तर नाक वर हवं, म्हणून शेपटाच्या कडीला वाळूची पोती बांधून शेपूट खाली ओढतात. पण ती पोती फ्लाइंग क्लबच्या सुरक्षा समितीनं आगीच्या बादल्या भरायला नेली. विमान आपटलं तर विझवायची सोय झाली, आपटू नये याची सोय गेली. तेव्हा शनिवारी कडीला फळी टांगून तिच्यावर मी बसणार. समितीनं माझं वजन करून तसा ठराव केलाय.

तुझ्या लोभाला सध्या तरी पात्र,
रोरी

डनीडन, ता. ६ मार्च

चि. रोरीस,
अ. उ. आ.

पत्र ऐकून माझ्या वॉर्डातल्या बाकीच्या नर्सेस हसल्या, मी नाही. पोत्यात आणि तुझ्यात फरक आहे. पोत्याला राग येत नाही. कोणी टोमणा मारला की तू उठतोस, आणि या वेळी उठलास तर नाक खालच्या माणसाच्या छातीवर येईल. तो माणूस कर्स्टीचा बाप असेल, एवढं तरी ध्यानात धर. नाकाखाली लाकडी ठोकळे रचल्याशिवाय कोणाला आत जाऊ देऊ नकोस.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

रागावली तरी तुझीच,
एल्सपेथ

रॅनफर्ली, ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळ्यांचं सुचवलं. मक्रे म्हणाले, ज्याला स्वतःच्या विमानाचा भरवसा नाही त्यानं ससे मारत फिरावं. आणि पाना घेऊन नाकाखाली शिरले. समितीचे तिघे सभासद वाळूच्या भरल्या बादल्या धरून शेजारी उभे होते, नियमाप्रमाणे.

चाक निघालं आणि डेरिल आला. तो विमानातून कुरणांवर खत टाकतो, बोलतोही तसंच. त्यानं विचारलं, कॉलेजात हाच विषय होता का, की यातूनही मधेच उठायचा बेत आहे. मी अर्धा उठलो. नाक हललं, आणि त्याखालून बाहेर आलेले मक्र्यांचे बूट दिसले. बसलो. मग तो कर्स्टीला म्हणाला, चल, वानाका गावच्या नाचाला उडत नेतो. ती दारात थांबली आणि मला म्हणाली, काही बोलायचं असेल तर जरा बाहेर ये.

ताई, बाहेर कसा जाऊ? तिथूनच, तिच्या बापाच्या, डेरिलच्या आणि समितीच्या देखत सगळं बोललो. चार महिन्यांचं साठलेलं. खालून मक्रे म्हणाले, बोल बाबा, पण हलू नकोस, बोल्ट हाताशी येतोय आणि जातोय.

कर्स्टी आली आणि फळीवर माझ्या शेजारी बसली. शेपूट जमिनीला टेकलं, नाक छताकडे गेलं, मक्र्यांचा हात बोल्टपर्यंत पोचेना. ते ओरडले, दोघांपैकी एकजण उठा.

मला तर उठायची बंदीच होती. ती उठली नाही.

यापुढे लोभ दोघांना पुरेल इतका करावा, ही विनंती.

तुझा,
रोरी