काळीकाठ हे नाव गेलं

जोयडा, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या होमस्टेचं इंटरनेटवरचं नाव गेलं. ‘काळीकाठ’. काळी नदीवरून ह्यांनीच ठेवलेलं. ते उघडलं की आता जुगाराची जाहिरात येते.

माझ्या चुलत दिरांचं रामनगरला कॉम्प्युटरचं दुकान आहे. आज तिथं गेले. ते म्हणाले, “वैनी, डोमेन म्हंजे दारावरची पाटी, होस्टिंग म्हंजे आतली जागा. जागा अजून आपलीच हाय, फोटो हायत. पाटीची मुदत संपली, ती दुसऱ्यानं घेतली.”

“आधी कळवायचं न्हाई?”

“कळवलं असंल की. दादाच्या फोनवर.”

तो फोन ह्यांच्यासोबतच अणशी घाटात दरीत गेला.

काळीकाठ. पाहुणे हेच नाव शोधत यायचे. परत मिळेल का, विचारलं. भावोजींनी मोकळ्या नावांची यादी उघडली.

मग दुसरं नाव घेतलं, साधंसंच. मालक म्हणून कुणाला लावू, त्यांनी विचारलं. “मलाच लावा,” म्हटलं.

जुन्या साइटवर पहिलाच फोटो ह्यांचा. अंगणात हसत उभे.

“ह्यो नव्या साइटवर ठेवू?”

मला हो म्हणवेना, नको म्हणवेना. मग भावोजींनीच तो काढून टाकला. मी बघत राहिले.