थेंबांची एक ओळ

३ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझा आवळ्याच्या चूर्णाचा डबा पोचला. आई तो उशाशी घेऊन झोपते. वैद्य झालेल्या लेकाचं औषध आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांचे थेंब तिने बंदच केलेत. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंब रोज घातले तर उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणालेत. मी सांगून थकले. मी पडले शिवणकाम करणारी, माझं कोण ऐकतंय? तू तिला एक ओळ लिही, की थेंबही घालायचेच. तुझा शब्द ती खाली पडू देत नाही.

लोभ आहेच, तो या कामी वापर.
ताई

१९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

दवाखान्यात गर्दी आहे, म्हणून थोडक्यात. तू लहानपणी झुरळालाही घाबरायचीस. अगं, आवळा म्हणजे रसायन. पित्त शमवतो, पचन सुधारतो, केसांना बळ देतो आणि डोळ्यांना विशेष हितकर, असं आमचे ग्रंथ सांगतात. आईला रोज सकाळी चमचाभर मधातून दे. थेंबांचं म्हणशील, तर दुसऱ्याच्या औषधाची शिफारस मी माझ्या हाताने करणं बरं दिसत नाही. तूच समजाव.

लोभ असावा, थोडा रागही चालेल.
धाकटा

११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आईचा उजवा डोळा गेला. डाव्याने नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. माझ्या कपड्यांना काजं करायला बसते आणि सुई बोटात घुसवून घेते. आवळ्याने काही बिघडलं नाही, थेंब थांबवायला नको होते, असं डॉक्टर म्हणाले.

तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. त्यात नसलेली ती एक ओळ मला पदरची घालता आली असती. तेव्हा खोटं वाचवेना. याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही, आणि तुलाही नाही.

तुला काही कळवू नको, तुझ्या हातगुणाला बट्टा लागेल, असं तिने मला बजावलंय. चूर्णाने डोळे निवळले, आता सगळं स्वच्छ दिसतं, एवढंच तुला लिहायला तिने सांगितलं. ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलंय. हवं तर दवाखान्यात लाव. सही तिने स्वतः केली आहे. निम्मी कागदावर आहे, निम्मी माझ्या टेबलावर.

या खेपेला लोभ मागत नाही.
ताई