सासरी तू, माहेरी तुमी

४ ऑगस्ट, शहापूर
घात झाला. मामंजी धरणावर नोकरीला होते, तिथले जुने सायेब भातसानगरहून त्यांना बघायला आलेले. मामंजी तापातून उठलेत, जेवत नायत. वाढता वाढता तोंडातून गेलंच, "मामा, तू खा ना रे दोन घास." सायेब हसला. मामंजींनी ताट सारलं. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "घरगड्याला बोलतेस का गो?"

आमच्यात बा तू, आजा तू, पोलीस पाटीलसुद्धा तू. मायेनं बोलले हो. कोणाला सांगू?

५ ऑगस्ट
पाया पडले. मामंजी पेपरातून वर बघेनात. ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणतात, "तुम्ही थोडे दिवस माहेरी जा. बोलायला शिका."
तुम्ही! मला! लग्नापासून कधी नाय. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

९ ऑगस्ट, टोकावडे
एसटीत बसवून दिलं. "पोचल्यावर कळवा." कळवलं. उत्तर नाय.

१२ ऑगस्ट
जिभेला वळण लावायचं म्हणून सकाळी बाला म्हटलं, "बा, तुमी जेवून घ्या." बा माझ्याकडे बघतच राहिला. भाकर तशीच टाकून खाचरावर गेला. आईला बोलला म्हणे, "लग्न झालं नि पोरीनं परका केला."
तिकडं तू नको, इकडं तुमी नको. मुकी होऊ का आता?

१५ ऑगस्ट
आई : "देवाला तूच म्हनतो आमी. तो रुसला का कदी?"
"आई, देव सासरा नाय गो."
हसली. मी पण हसले, मग रडूच आवरेना. हे फोन उचलत नायत. शेजारची काकू रोज विचारते, "र्‍हाशील ना अजून?" नेलंच नाय तर? नुसत्या एका शब्दापायी संसार...

१९ ऑगस्ट
ह्यांचा मेसेज. "कधी येणार"
बस, एवढंच. येणारेस नाय, येणार आहात नाय. दहादा वाचला. आई म्हणते, "बोलावतोय की, येडे!" पण कोणाला? बायकोला की पाहुणीला?

"तुम्ही न्यायला येता का" असं लिहिलं. पुसलं. ह्यांना मी तुमीच म्हणते, हळदीतच बजावलेलं. पण जीव गेलाय माझा त्या तुमीनं. मरू दे.
लिहिलं, "न्यायला येतोस का?"
पाठवलं. वाचलंय त्यांनी. अजून काय नाय.